देवगिरी उर्फ दौलताबाद किल्ला पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पाहुणे आले की एक दिवस देवगिरीचा, हे आमच्याकडे ठरलेलं. त्यामुळे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, कधी परदेशातल्या नातेवाइकांकडूनही तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत आणि अडचणीचे पुढे. आधी येऊन गेलेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किल्ला नेमका कुठे आहे? गाडी नसेल तर कसं पोचायचं?

छत्रपती संभाजीनगरहून (जुनं नाव औरंगाबाद) वेरूळच्या रस्त्याला साधारण १५ किलोमीटरवर. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळ, खुलताबाद, कन्नडकडे जाणारी एसटी पकडायची आणि कंडक्टरला ‘दौलताबाद किल्ला’ म्हणून सांगून ठेवायचं. बस दारातच सोडते. रिक्षाही येते, पण जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून किती, हे आधीच ठरवून घ्या. दौलताबाद नावाचं रेल्वे स्टेशन मनमाड–सिकंदराबाद मार्गावर आहे, मात्र तिथे थोड्याच गाड्या थांबतात. बाहेरगावहून येणाऱ्यांनी संभाजीनगर स्टेशनलाच उतरलेलं बरं.

येताना रस्ता एका जुन्या दगडी वेशीतून जातो. गाड्या तिथे एकेक करून निघतात आणि लोक हॉर्न वाजवत वैतागतात. ही वेस म्हणजे अंबरकोटाची, किल्ल्याच्या सगळ्यांत बाहेरच्या तटाची. म्हणजे तिकीट काढायच्या कितीतरी आधी तुम्ही किल्ल्यात शिरलेले असता.

२. देवगिरी आणि दौलताबाद हे दोन किल्ले आहेत की एकच?

एकच. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास इथे राजधानी वसवली, तेव्हापासूनचं नाव देवगिरी. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथे हलवली तेव्हा दौलताबाद हे नाव आलं. सरकारी पाट्यांवर, तिकिटावर आणि एसटीत दौलताबाद चालतं. घरात बोलताना आम्ही देवगिरीच म्हणतो.

३. तिकीट किती? कधी बंद असतो?

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे. भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना ३०० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आठवड्याची सुट्टी नसते. याच बाबतीत लोकांचा घोळ होतो, कारण वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. त्यामुळे मंगळवार देवगिरीसाठी चांगला. वेरूळची गर्दी नसते, रस्ताही मोकळा मिळतो. संध्याकाळी गड रिकामा करतात, म्हणून दुपारी ३ नंतर माथ्याकडे निघू नका.

४. पूर्ण पाहायला किती वेळ लागतो? त्याच दिवशी वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद होईल का?

किल्ल्यालाच निदान चार तास द्या. सकाळी लवकर सुरुवात केली तर गड पाहून, जेवून दुपारी घृष्णेश्वराचं दर्शन आणि खुलताबादला भद्रा मारुती सहज होतो. वेरूळची लेणी मात्र त्याच दिवशी कोंबू नका. एकट्या कैलासाला अर्धा दिवस लागतो.

टूरच्या गाड्या इथे तासभर थांबतात. माणसं पहिल्या दरवाजापाशी फोटो काढतात, चांदमिनार लांबून बघतात आणि परत फिरतात. मला याचं फार वाईट वाटतं. हा किल्ला कळतो तो दरवाजे, वळणं, खंदक आणि अंधारी (डोंगराच्या पोटातली काळोखी वाट, प्रश्न ८) पायाखालून गेल्यावर, आणि तिथवर ही मंडळी पोचतच नाहीत.

५. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलै ते सप्टेंबरमध्ये डोंगर हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात (प्रश्न १४ पाहा). एप्रिल-मे टाळा. मराठवाड्याचं ऊन दगडातून परत अंगावर येतं. एकदा मे महिन्यात दुपारी पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. चिनी महालाच्या (प्रश्न ७) पुढे कुणाच्या अंगात त्राण राहिलं नाही आणि गड अर्धा टाकून खाली आलो. उन्हाळ्यातच यायचं असेल तर दार उघडताच आत शिरा आणि अकराच्या आत उतरा.

६. सोबत काय न्यावं?

प्रत्येकी दोन लिटर पाणी. आत गेल्यावर वरपर्यंत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. पकड असलेले बूट, टोपी, आणि अंधारीसाठी वेगळी बॅटरी. मोबाइलचा उजेड चालतो, पण तो एका हातात धरावा लागतो आणि तिथे हात मोकळे हवेत. खाऊ पिशवीच्या आत ठेवा. माकडांना कुरकुऱ्यांचं पाकीट लांबून ओळखू येतं आणि लहान मुलाच्या हातातून ते ओढायला ती कचरत नाहीत.

७. गाइड केला नाही तर काय काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने?

परवानाधारक गाइड मिळाला तर जरूर घ्या. एकट्याने जात असाल तर एक करा : आपण हा किल्ला घ्यायला आलो आहोत असं समजून चाला. मग प्रत्येक दगड तिथे का आहे, ते उमगत जातं.

अंबरकोट मागे टाकून तुम्ही महाकोटाच्या, म्हणजे मधल्या तटाच्या, पहिल्या दरवाजाशी येता. फळ्यांवर हाताएवढे लोखंडी खिळे आहेत आणि ते हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते ठोकले. आत गेलात की समोर भिंत. पुढचा दरवाजा काटकोनात वळल्यावर दिसतो, म्हणजे हत्तीला धावायला जागाच नाही, आणि तुम्ही ज्या चौकात अडकलात त्यावर चारी बाजूंनी मारा. चौकातल्या देवड्यांमध्ये आता जुन्या तोफा मांडून ठेवल्या आहेत. इथे घाई करू नका. तटाच्या दगडांकडे जवळून बघा : मधेच एखाद्या देवळाची नक्षी, एखादी मूर्ती, कधी आडवी, कधी उलटी बसवलेली दिसते. पाडलेल्या देवळांचे दगड तटात चिणले आहेत. एका पाहुण्या काकूंनी असा उलटा गणपती बोटाने दाखवला होता, आणि मी तिथून पन्नासदा गेलो असूनही तो मला तोवर दिसला नव्हता.

दरवाजे संपले की मोकळं मैदान लागतं. डाव्या हाताला हत्ती हौद, एवढा प्रचंड की ‘हत्ती बुडेल’ हे म्हणणं पटतं. त्याच बाजूला भारतमाता मंदिर (प्रश्न १२), उजवीकडे चांदमिनार (प्रश्न १३). मग वाट सरळ कालाकोटाच्या, म्हणजे आतल्या तटाच्या, दरवाजाकडे. आत चिनी महाल : भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत, त्यावरून नाव पडलं. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला १६८७ मध्ये राज्य जिंकल्यावर औरंगजेबाने इथे कैदेत ठेवलं, आणि तो इथून पुन्हा बाहेर पडला नाही.

शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचं शिंगांसकट डोकं, अंगावर फारसी अक्षरं. तिचं दुसरं नाव किला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. तोफेच्या अंगाला हात लावून बघा, डिसेंबरच्या सकाळीही गार आणि गुळगुळीत. ती मधल्या खुंटावर बसवली आहे, म्हणजे बुरुजावर फिरवून हवी त्या दिशेला वळवता येई. इथून खंदक दिसतो आणि खंदकापलीकडे सरळ तासलेला कडा. इथवर जे पाहिलं ते निम्मंच. खरा बालेकिल्ला त्या पाण्यापलीकडे सुरू होतो.

८. ‘अंधारी’ म्हणजे काय? लोक भुलभुलैया म्हणतात तीच का?

तीच. खंदक ओलांडून डोंगराच्या पोटात शिरणारी वाट. बालेकिल्ल्याचा डोंगर चहूबाजूंनी सुमारे ५० मीटर उभा तासून काढला आहे. घोरपडीलाही नखं रोवता येणार नाहीत असा. त्यामुळे माथ्यावर जायला ही एकच वाट ठेवली होती.

पुलाची जागा मुद्दाम अरुंद; दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम जातील. खंदकातलं पाणी वाढवून जुना पूल बुडवण्याची सोय होती. आत पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे अंधारात पावलाला लय सापडत नाही आणि तोल जातो. छत मधेच खाली येतं. वाट वळते, पुन्हा वळते. एके ठिकाणी उजेड दिसतो आणि दमलेला माणूस आपसूक तिकडे जातो. ते तोंड उघडतं थेट खंदकावर. वरच्या टोकाला लोखंडी झाकण असे. ते लावून वर आग पेटवली की झाकण तव्यासारखं लाल होई आणि धूर सोडण्याच्या भोकातून खालचं भुयार धुराने भरून जाई.

आज पुलाला कठडे आहेत आणि फसवी तोंडं जाळीने बंद केलेली आहेत. तरी बॅटरी एकदा विझवून दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा. वटवाघळांची फडफड, त्यांच्या विष्ठेचा उग्र वास आणि स्वतःचा श्वास, एवढंच उरतं. हातात ढाल-तलवार घेऊन, पुढे कोण उभा आहे ते माहीत नसताना इथे चढणाऱ्या शिपायाचं काय होत असेल, ते तेव्हा अंगावर येतं.

९. आईचे गुडघे दुखतात. मुलगी वटवाघळांना घाबरते. अंधारी टाळता येते का?

येते. आता तिला वळसा घालून वर निघणारा उघड्या पायऱ्यांचा मार्ग आहे. पहारेकऱ्याला विचारा, दाखवतात. पण एकूण पायऱ्या साधारण साडेसातशे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच अंधारीनंतरच्या. गुडघ्यांची तक्रार असेल तर आईंना चिनी महाल आणि मेंढा तोफेपर्यंत न्या आणि बुरुजाच्या सावलीत बसवा. खंदक आणि कडा तिथून डोळे भरून दिसतात. तिथवरची वाट बरीचशी सपाट आहे. व्हीलचेअर मात्र दरवाजांच्या उंबऱ्यांशी आणि दगडी फरसबंदीवर अडते. चार हात सोबत असतील तर चांदमिनारापर्यंत जमतं.

दमा असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर अंधारीत शिरूच नका. मधे गर्दीत अडकलात तर मागे फिरायला जागा नसते.

१०. एवढा अजिंक्य किल्ला होता, तर तो शत्रूच्या हाती गेला कसा?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. किल्ला बहुतेक वेळा पडला तो भुकेने, तह होऊन किंवा आतल्या माणसांमुळे. कडा चढून तो कुणी घेतला नाही.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला तेव्हा रामदेवराय यादव गाफील होता आणि मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होतं. रामदेवरायाने बालेकिल्ला गाठला. तिथे धान्याची म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर निघालं मीठ, असं फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. मिठावर किती दिवस लढणार? खंडणी कबूल करून तह झाला. १३०७ मध्ये खिलजीचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवरायाला दिल्लीला घेऊन गेला. १३१८ मध्ये जावई हरपाळदेवाने शेवटचा प्रयत्न केला, तो मारला गेला आणि यादवांचं राज्य संपलं.

पुढे १३४७ मध्ये बहमनी राज्याची सुरुवात इथूनच झाली, १४९९ मध्ये गड अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. १६३३ मध्ये शहाजहानचा सरदार महाबतखान याने वेढा घातला. बाहेरच्या तटांखाली सुरुंग लावून एकेक कोट घेतला, पण बालेकिल्ला उभाच राहिला. अखेर आत दाणा राहिला नाही, रोगराई पसरली, आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला खाली करून दिला. म्हणून हत्ती हौद आणि वरच्या कोठारांच्या जागा दिसल्या की नुसतं पुढे जाऊ नका. खंदकाइतकाच त्यांच्यावरही किल्ल्याचा जीव होता.

११. शिवाजी महाराजांचा या किल्ल्याशी काय संबंध?

महाराजांच्या हयातीत, १६३३ नंतर सतत, हा किल्ला मोगलांकडे होता. तो स्वराज्यात आला नाही. पण त्यांच्या घराण्याचं एक मोठं दुःख इथे घडलं. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव, भाऊ अचलोजी आणि राघोजी, आणि भाचा यशवंतराव यांची इथे दगा देऊन कत्तल झाली. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उजाड झालं. शिवनेरीवर महाराजांचा जन्म त्यानंतर काही महिन्यांतला. चिनी महालाच्या आसपासच्या निजामशाही वाड्यांच्या पडक्या भिंतींशी मी पाहुण्यांना हे सांगतो, तेव्हा बोलणं थांबतं.

सभासद बखरीत रायगडाची थोरवी सांगताना महाराजांच्या तोंडी दौलताबादचं नाव येतं : पृथ्वीवर चखोट गड खरा, पण उंचीने थोडका. नंतर १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर किल्ला काही काळ पेशव्यांकडेही आला. मग निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला.

१२. भारतमाता मंदिर आहे की मशीद? घरातल्या वडीलधाऱ्यांचा यावर वाद होतो.

दोन्ही बाजू आपापल्या काळापुरत्या खऱ्या आहेत. १३१८ च्या सुमारास कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने इथे जामा मशीद बांधली आणि तिला जुन्या देवळांचे खांब वापरले. खांब पाहिले की ते पटतं. प्रत्येकाची घडण वेगळी आणि देवळातलीच. हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर, १९४८ नंतर, मिहराबाच्या (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) जागी भारतमातेची मूर्ती बसवली गेली. वाद घरी घाला. इथे आल्यावर खांबांच्या रांगेत थोडा वेळ शांत बसा. ऐन दुपारी गडावर एवढी गार जागा दुसरी नाही.

१३. चांदमिनारावर चढता येतं का?

नाही, आतला जिना पर्यटकांसाठी बंद आहे. बहमनी काळातला, १५व्या शतकातला हा चार मजली मिनार बाहेरूनच पाहायचा. पायथ्याशी छोटी मशीद आहे, तिथेही रंगीत फरशांचे अवशेष आहेत. फोटोत मिनार पूर्ण बसत नसेल तर भारतमाता मंदिराच्या अंगणातून काढा.

१४. पावसाळ्यात अंधारी आणि माथा सुरू असतो का?

असतो, पण जोराच्या पावसात किंवा काम चालू असेल तर वरचा भाग तात्पुरता बंद करतात. तिकीटखिडकीवरच विचारून घ्या. अंधारीत पाणी झिरपतं आणि विष्ठेचा थर चिकट होतो. भिंतीला हात लावत, एका वेळी एक पाय टाकत चढा. उतरताना जास्त माणसं घसरतात, म्हणून ओल्या दिवशी उतरायला प्रश्न ९ मधला उघडा मार्ग घ्या.

१५. वर माथ्यावर पाहण्यासारखं आहे तरी काय? तोफेपासून परत फिरलो तर चालेल?

अंगात बळ असेल तर फिरू नका. अंधारीनंतर गणपतीचं छोटं देऊळ लागतं, तिथे जरा टेका. मग बारादरी : शहाजहानच्या १६३६ मधल्या भेटीसाठी बांधलेली, सज्जातून सारा मुलूख दिसणारी. खालचे तिन्ही कोट आता नकाशासारखे पसरलेले दिसतात आणि आपण कुठून कसे आलो ते पहिल्यांदा लक्षात येतं. सगळ्यांत वरच्या बुरुजावर आणखी एक तोफ. एवढं अवजड धूड इथवर कसं चढवलं, हा प्रश्न प्रत्येक लहान मूल विचारतंच.

१६. एकनाथ महाराज इथेच शिकले का?

हो. पैठणचा लहानगा एकनाथ गुरूच्या शोधात देवगिरीला आला तो जनार्दनस्वामींकडे. स्वामी निजामशाहीत या किल्ल्याचे अधिकारी होते; राजकारभारही पाहायचे आणि साधनाही करायचे. त्यांच्यासाठी किल्ल्याला गुरुवारी सुट्टी असे, अशी परंपरा सांगतात. माथ्याजवळ त्यांची गुहा आणि पादुका आहेत. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, भाविक चढून येतात. त्या दिवशी गर्दी असते, पण आजी-आजोबांना अभंग म्हणत या पायऱ्या चढताना बघायचं असेल तर तोच दिवस निवडा.

१७. प्रीवेडिंग शूट, ड्रोन, ट्रायपॉड चालतो का?

मोबाइल आणि साध्या कॅमेऱ्याने फोटो काढा. ट्रायपॉड आणि व्यावसायिक चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. ड्रोन विनापरवाना उडवता येत नाही. दारात हुज्जत घालून उपयोग नाही, पहारेकऱ्याच्या हातात ते नसतं.

१८. वर शेकोटी, चूल, मुक्काम?

काहीच नाही. मुक्काम संभाजीनगरला किंवा वेरूळला करा. सिगारेट-विडीसुद्धा खालीच ठेवा. २०२५ च्या एप्रिलमध्ये गडावरच्या वाळल्या गवताला आग लागली आणि डोंगर रात्री दुरून धगधगताना दिसला. ते दृश्य पाहिलेला माणूस आत काडी ओढणार नाही. भिंतीवर नाव कोरताना कुणी दिसलं तर त्याला हटकाच.

१९. खाली जेवायला आणि घरी न्यायला काय मिळतं?

दारासमोर साधी हॉटेलं आहेत. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक मिळतं आणि गड उतरून आल्यावर ते अमृतासारखं लागतं. जवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे, वहीवेड्यांनी वाकडी वाट करावी. दिवाळीच्या आगेमागे आलात तर दौलताबादची सीताफळं घेतल्याशिवाय जाऊ नका. रस्त्याकडेला बायका पाट्या घेऊन बसतात. त्याच दिवशी खायचं असेल तर डोळे उघडलेलं, बोटाला जरा दबणारं घ्या. पुण्या-मुंबईला न्यायचं असेल तर टणक घ्या आणि घरी जाऊन तांदळाच्या डब्यात ठेवा.